राबाच्या दिवसांतली निर्जळी

फाल्गुन सरत आला की पिरंगुटच्या शिवारात अजूनही कुणी ना कुणी राब भाजतं. तोडून वाळवलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, त्यावर मातीचा हलका थर, आणि मग वारा बघून लावलेली काडी. पावसाळ्याच्या तोंडाशी ह्याच भाजलेल्या तुकड्यात भाताचं बी टाकतात. तो धूर जमिनीलगत सरपटत आमच्या दारापर्यंत येतो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो. सून धावत येऊन खिडक्या लावते आणि म्हणते, "आई, आत या ना, खोकला लागेल." मी म्हणते, "लागू दे." माझ्या हट्टापुढे या घरात कुणाचं काही चालत नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं आहे.

आमचा उपवासकाळ, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचे चाळीस दिवस, नेमका याच धुरात येतो. आता त्या उपवासाचं फारसं काही उरलेलं नाही. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर काही खाऊ नये, एवढाच नियम. पाणी तर केव्हाही चालतं. सून पहाटे कपभर चहा घेते, पदर नीट करते आणि पहिल्या गाडीने पुण्याला मिस्साला जाते. मिस्साही आता मराठीत असतो. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतात, त्यांचा शब्दन् शब्द समजतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? पण रविवारी मी मात्र रात्रीपासून पाण्याला शिवत नाही. मुलगा म्हणतो, "आई, अगं नियम बदलला." मी म्हणते, "नियम बदलला, माझा घसा तोच आहे."

तेव्हाचा नियम फार कडक होता. मध्यरात्रीनंतर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. जो प्रसाद घेणार त्यालाही, आणि जो मिस्सा करणार त्या फादरलाही. घोटभर पाणी पोटात गेलं की त्या दिवशी वेदीजवळ जायचं नाही. म्हणून मिस्साच्या आदल्या संध्याकाळी मी माठ रिकामा करून पालथा घालायची. झोपेत उठून कुणी सवयीने पेला भरला तर सगळंच मुसळ केरात.

ही गोष्ट धरणाच्या दिवसांतली. मी तेव्हा विशी-बाविशीची. नगरकडच्या आमच्या गावातून पाथरवटांची वीसेक ख्रिस्ती घरं मुळशीला आली होती आणि माझा नवरा सिमोन त्यांतला एक. दिवसभर छिन्नी-हातोड्यांचा आवाज, दुपारी सुरुंग, आणि अंगावर, केसांवर, भाकरीच्या पिठावर दगडाची पांढरी धूळ. टेकडीच्या उतारावर तट्ट्यांच्या झोपड्यांची रांग होती. तिच्या टोकाला चुन्याची जुनी कोठी होती, तीच आमचं देऊळ. रविवारी सगळ्यांनी मिळून ती झाडायची, लाकडी पेटीवर धुतलेली चादर घालायची, की झालं. फादर येत तेव्हा मिस्सा, नाही तर नुसती जपमाळ. फादर दोन-तीन महिन्यांतून एकदा येत.

खोरं आमच्यावर जळत होतं, आणि का जळू नये? आम्ही त्यांची नदी अडवायला आलो होतो. त्यांनी सत्याग्रह केला, कामासमोर आडवे पडले, तुरुंगात गेले. त्या वर्षी तो सगळा जोर ओसरत चालला होता आणि मागे नुसता कडवटपणा उरला होता. खालच्या गावातल्या बाया आम्हाला दूध विकत नसत. धरणाच्या माणसाला पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. त्यात आमची जुनी जात कोणती, हेही त्यांना ठाऊक होतंच. त्यामुळे आमच्या बाबतीत त्यांना वेगळं ठरवायची गरजच पडली नाही.

आमचा अंतोन त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेला. चौदा महिन्यांचा होता. ताप चढला तसा सिमोनने पुण्याला फादरांकडे माणूस धाडला. पण ओढे भरून वाहत होते, वाट तुटली होती. फादर नवव्या दिवशी पोचले, गुडघाभर चिखलात. तोवर सिमोनने स्वतःच्या हाताने खड्डा खणला होता, स्वतःच दगडी क्रूस घडवला होता. फादरांना तो एवढंच म्हणाला, "तुमचा देव लई उशिरा येतो." त्यानंतर फादर दोनदा आले, मिस्सा झाला, सगळे प्रसादाला पुढे गेले. सिमोन मात्र दाराशी उकिडवा बसून राहायचा आणि मिस्सा संपायच्या आत उठून जायचा.

मी त्याच्या मागे लागले. रडले, भांडले, अबोला धरला. माझी जीभ तेव्हा फार तिखट होती. आता दात पडले म्हणून थोडी बोथट झाली आहे इतकंच. शेवटी उपवासकाळाच्या मध्यावर, एके संध्याकाळी छिन्नीला धार लावता लावता तो मान वर न करता म्हणाला, "बरं. या खेपंला घेतो." मी चूल फुंकत राहिले. बोलले असते तर मोडलं असतं. त्या दिवसापासून मला एकच काळजी लागली, की तो रविवार येईपर्यंत ह्याचं मन फिरू नये. आज ना उद्या माणूस देवाशी समेट करतो म्हणतात, पण मला माझा नवरा माहीत होता. ही वेळ टळली असती तर तो पुन्हा कबूल झाला नसता.

तो रविवार आला. सिमोनने आदल्या दिवशीच दाढी केली होती. पहाटेपासून आम्ही सगळे कोठीत बसून होतो. फादर शनिवारी टांग्याने पौडला येत, तिथे मुक्काम करत आणि उजाडताच चालत निघत. माले गाव ओलांडून आमच्यापर्यंत यायला त्यांना नऊ वाजत. त्या दिवशी दहा वाजले. ऊन पत्र्यावर तापायला लागलं. खालच्या शेतांतून राबाचा धूर चढून आत कोंदला होता. एका पोरीने तहानेने भोकाड पसरलं आणि तिच्या आईने तिच्या तोंडावर पदर धरला. मी सिमोनकडे बघत होते. तो दाराच्या बाहेर नजर लावून बसला होता, पण बसला होता.

मग फादर दिसले. साठीचे असतील, पांढरी दाढी, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, काखेत छत्री आणि खांद्यावर ती जड झोळी. त्या झोळीत एक चपटा दगड असायचा, वेदीचा. जिथे जातील तिथे तो पेटीवर ठेवायचा आणि त्यावर मिस्सा करायचा. सिमोनने एकदा त्या दगडावरून अंगठा फिरवून "घडाई बरी हाये" असं प्रमाणपत्र दिलं होतं. फादर दाराशी आले, पण आत आले नाहीत. झोळी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी पाणी प्यालो आहे. आज मिस्सा होणार नाही. मला क्षमा करा."

मग सिमोनने विचारलं, "कुणी दिलं?"

फादरांनी सांगितलं ते असं. आमच्या झोपड्यांच्या खाली, चढ सुरू होतो तिथे एका घराच्या दगडी गडग्यापाशी त्यांना घेरी आली. ते घर चिमाबाईचं. आम्ही तिला लांबून ओळखत होतो. पन्नाशीची विधवा, एकुलता मुलगा सत्याग्रहात तुरुंगात गेलेला, आणि घर येत्या एक-दोन पावसाळ्यांत पाण्याखाली जाणारं. ती तांब्या घेऊन बाहेर आली. फादर म्हणाले, "बाई, माझा उपास आहे."

"मंग? उपासाला पानी चालतंय की."

"आमच्या उपासाला नाही चालत."

तिने तांब्या खाली घेतला नाही. म्हणाली, "असला कसला उपास? मला ठाव हाय समदं. तुमची मानसं आमची श्यातं घेत्यात, घर घेत्यात, आख्खी न्हदी घेत्यात. तवा काय बी बाटत न्हाई. माझ्या हातचं पानी तेवढं नगं व्हय?"

तिच्या बाजूने ते खरंच होतं. आम्ही तिचं सगळं घ्यायला निघालो होतो आणि आमच्यातला एक माणूस तिने प्रेमाने दिलेलं घेत नव्हता. फादर म्हणाले, "मग मी ओंजळ केली. तिने वरून ओतलं. मी दोन ओंजळी प्यालो."

आज ह्या वयात मला ते दृश्य लख्ख दिसतं, जरी मी तिथे नव्हते. ज्या हातांवर तेल ओतून त्यांना याजक केलं होतं, तेच हात ओंजळ करून एका बाईच्या दाराशी पसरलेले. त्यांना माहीत होतं वर वीस घरं रात्रीपासून कोरड्या घशाने बसली आहेत. माहीत होतं सिमोन येणार आहे, कारण मीच पौडच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाकरवी त्यांना निरोप धाडला होता. तरी त्यांनी ओंजळ केली. हे समजायला मला पुष्कळ वर्षं लागली. त्या दिवशी मात्र डोक्यात नुसती आग होती.

फादरांना मी काही बोलू शकत नव्हते. त्यांच्या हाताचं चुंबन घेण्याची आमची रीत. त्या हाताला शिव्या कशा घालणार? म्हणून मी कोठीच्या मागच्या अंगाने निघाले आणि तडक उतार उतरून चिमाबाईच्या दारात गेले. ती राबावर माती ओढत होती. तिचं ते शेत बुडणार हे तिलाही पक्कं ठाऊक होतं, तरी तिने राब रचला होता. मी अंगणाच्या बाहेर उभी राहून ओरडले, "तुझ्या तांब्याभर पाण्यानं माझा नवरा देवाला मुकला! बरं झालं तुझं घर बुडतंय ते!"

ती सरळ झाली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही दगड उचलेल. ती म्हणाली, "बुडंल की. तवा ये बघाया." आणि पुन्हा माती ओढायला लागली.

मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. उपास सोडायला हरकत नव्हती, पण मी तो रागाने चालूच ठेवला. बाहेर काय झालं ते मला दुपारी शेजारणीने सांगितलं. फादर बराच वेळ कोठीच्या पायरीवर बसून होते. मग उठले आणि म्हणाले की ती बाई एकटीच घराचे वासे सोडवते आहे, वरच्या माळावर झोपडं बांधणार आहे. आढं तिला एकटीला उचलणार नाही. कुणीतरी म्हणालं, रविवारी काम करणं पाप ना फादर? त्यावर ते म्हणाले, "आज मला दुसरं कामच ठेवलेलं नाही." आणि झगा खोचून उतरायला लागले. थोडं अंतर गेल्यावर सिमोन उठला आणि त्यांच्या मागून गेला.

तो दिवेलागणीला परतला. खांदा सोलवटलेला, अंगाला कौलांची लाल माती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चांगली बाई हाये." हिने सांगितलं की काय? पण तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. दिवसभर माझ्या नवऱ्याबरोबर तिने वासे वाहिले आणि माझं वाक्य गिळून टाकलं. मला तेव्हा ते फार लागलं. ती बोलली असती तर मला पुन्हा भांडता आलं असतं.

फादर थांबले. सोमवारी उजाडायच्या सुमाराला मिस्सा करायचा, म्हणजे कामाच्या भोंग्याआधी सगळं आटपेल, असं ठरलं. रात्री गोणपाटाच्या पडद्यामागे ते पापनिवेदन ऐकायला बसले. सिमोन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग मी गेले. खोटं बोलले, चिडले, जपमाळ चुकवली, असं सगळं किडूकमिडूक सांगितलं. ते एक वाक्य सांगितलं नाही. पडद्यापलीकडून फादरांचा थकलेला श्वास ऐकू येत होता. ज्या बाईसाठी ह्या म्हाताऱ्याने दिवसभर ओझी वाहिली तिला मी काय बोलले, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी पहाटे कोठीत दोन मेणबत्त्या होत्या. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. सिमोन आज दाराशी नव्हता. पुरुषांच्या दुसऱ्या ओळीत गुडघ्यावर होता. फादरांनी वेदीच्या दगडावर हात ठेवले तेव्हा बोटांवरचे फोड मेणबत्तीच्या उजेडात दिसले. लॅटिन पुटपुटणं सुरू झालं. मला आनंदाने रडू यायला हवं होतं. पण शाळेत सिस्टरांनी घोकून घेतलेलं एकच डोक्यात घुमायला लागलं, की पाप लपवून प्रसाद घेतला तर ते सगळ्यात मोठं पाप. आणि प्रसादाला गेले नाही तर सिमोन वळून बघेल, मी मागे बसलेली दिसेन, आणि त्याला काय वाटेल? दोन्हीकडून मी अडकले होते. समोर माझ्या नवऱ्याची पाठ होती. ह्या एका क्षणासाठी मी इतके महिने जीव टांगून ठेवला होता. तो उठेल, पुढे जाईल, प्रसादासाठी जीभ पुढे करील. बस, एवढंच मला बघायचं होतं.

मी उठले आणि बाहेर पडले.

पूर्वेला फटफटीत होत होतं. चिमाबाई जागी होती. घराची आता फक्त चौकट उरली होती आणि ती चुलीपाशी उघड्यावर भाकऱ्या थापत होती. मी अंगणाच्या बाहेर थांबले. क्षमा मागायचे शब्द मी वाटभर जुळवले होते, ते एकही आठवेना. म्हटलं, "काल मी... ते..."

"काल लई बोललीस," ती म्हणाली. "आता हात लाव." आणि तिने दाराच्या चौकटीकडे मान केली.

कालच सैल केलेली ती चौकट आम्ही दोघींनी ओढून काढली. ती एका बाजूला, मी एका बाजूला, मधे सागाचं जुनं लाकूड, हळदीकुंकवाच्या थरांनी जाड झालेलं. वरच्या माळावर नेऊन टेकवली. मी तिलाच टेकून उभी राहिले. शनिवारी रात्रीपासून पोटात काही नव्हतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "जेवली न्हाईस कालधरनं. बस हितं."

मी म्हणाले, "माझा उपास आहे."

"त्यो म्हातारा बी तसंच म्हनत हुता," ती म्हणाली आणि पदरात बांधून आणलेली भाकरी मोडली. तिने ती वरून टाकली नाही. माझ्या हातावर ठेवली, तिची बोटं माझ्या तळव्याला लागली. मी खाल्ली. तेवढ्यात वरून कोठीतली घंटा वाजली, आधी एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. म्हणजे फादरांनी वेदीवरची भाकर उचलली, मग प्याला उचलला. मी तोंडात घास तसाच धरून ऐकत राहिले.

पुढच्या खेपेला फादर आले तेव्हा मी पडद्यापाशी सगळं सांगितलं. ते वाक्य, लपवणं, मिस्सा सोडून जाणं, आणि ती भाकरी. वाटलं आता मोठं प्रायश्चित्त मिळणार. पडद्यापलीकडे फादर जरा पुढे सरकले. मग विचारलं, "तांदळाची होती की नाचणीची?"

"तांदळाची."

"मला तिने नाचणीची दिली," ते म्हणाले. आवाजात थोडी तक्रार होती. मग पापांची क्षमा उच्चारली आणि मला म्हणाले, जा, तिच्या नव्या झोपड्याला अजून कुडाच्या भिंती नाहीत, ते बघ.

त्या सकाळी मात्र मला यातलं काही माहीत नव्हतं. मी माळावर बसून होते आणि जे बघायचं होतं ते माझं बघायचं राहून गेलं होतं. सूर्य वर आला. मिस्सा सुटला असावा, कारण लोक झोपड्यांकडे जाताना दिसले. मग एक जण उतारावरून आमच्याकडे येऊ लागला. सिमोन होता. धापा टाकत आला, माझ्यासमोर उभा राहिला.

"मागं वळून बगितलं तर तू नाय," तो म्हणाला. "म्हटलं, गेली कुठं ही?"

मी विचारलं, "घेतलं का तुमी?"

"घेतलं."

मला रडू आलं. चिमाबाईने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं, उरलेली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली आणि राबाकडे निघून गेली. खाली कामाचा भोंगा झाला. सिमोन कामाकडे वळला नाही. अंतोन गेल्यापासून तो त्याची भाकरी फडक्यात घेऊन बाहेर जायचा आणि खाणीतल्या दगडावर एकटाच बसून खायचा; माझ्यासमोर त्याने एकही घास घेतला नव्हता. तो माझ्याजवळ खाली बसला, हातातली भाकरी मोडली, मोठा तुकडा मला दिला आणि खायला लागला.